पी-खंडाची भीती घालवायची तर कल्हईपासून सुरुवात करा

कल्हईवाल्याला काम करताना कधी जवळून पाहिलंय का? आता ते क्वचित दिसतात, पण दिसला तर पाच मिनिटं थांबाच. भात्याने फुलवलेल्या निखाऱ्यांवर तो तांब्याचं पातेलं तापवतो. चिमटीने पांढरी पूड आत टाकतो. भस्सकन पांढरा धूर उठतो आणि नाकाला झोंबतो. मग कथलाची कांडी पातेल्याला टेकवून तो कापसाच्या बोळ्याने ती सरसर गोल फिरवतो, आणि काळपट पातेलं आतून चांदीसारखं चमकायला लागतं.

ती पांढरी पूड म्हणजे नवसागर, अमोनियम क्लोराइड. तापल्यावर त्याचे दोन तुकडे होतात: अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड. तांब्यावर चढलेला ऑक्साइडचा काळा थर हे दोघे मिळून काढतात. हायड्रोजन क्लोराइड त्या थराचं क्लोराइड करतं, आणि अमोनिया त्यातला ऑक्सिजन ओढून घेऊन स्वतः नायट्रोजन आणि पाणी होतो. उरलेले दोघे वर थंड हवेत पुन्हा भेटतात आणि त्यांचा परत नवसागर होतो. आपल्याला दिसणारा पांढरा धूर तोच. खाली उघड्या पडलेल्या स्वच्छ तांब्याला २३२ अंशाला वितळलेलं कथील घट्ट धरून बसतं.

आता मोजा. कथील चौदाव्या गणातलं, नायट्रोजन पंधराव्या, ऑक्सिजन सोळाव्या, क्लोरीन सतराव्या. आवर्तसारणीतले उभे रकाने म्हणजे गण, आणि उजवीकडचे तेरा ते अठरा हे गण म्हणजे पी-खंड. एका पातेल्यात पी-खंडाचे चार गण कामाला लागलेत, आणि कल्हईवाल्याला यातलं एकही समीकरण पाठ नाही.

अकरावी-बारावीला मुलं सर्वात जास्त कशाला घाबरत असतील तर या खंडाला. राज्य मंडळाच्या पुस्तकांत तेरा, चौदा, पंधरा हे गण अकरावीला आणि सोळा, सतरा, अठरा बारावीला येतात. त्यात दहावीपर्यंत मराठीतून शिकलेल्या मुलांची आणखी एक पंचाईत होते. कालपर्यंत गण, क्षपण, आम्लारी म्हणणाऱ्यांना एकदम ग्रुप, रिडक्शन, बेस म्हणावं लागतं. मग सगळं डोक्यावरून जातं आणि मुलं पाठांतराला लागतात. माझं म्हणणं एवढंच, की पाठांतर थोडं करावं लागतंच, पण ते शेवटी. त्याआधी पुढच्या पायऱ्या याच क्रमाने चढा.

पायरी १: कोरी चौकट

वहीच्या आडव्या पानावर सहा उभे रकाने आखा आणि त्यांना १३ ते १८ असे आकडे द्या. ओळी पाच, दुसऱ्या आवर्तापासून (आवर्त म्हणजे आडवी ओळ) सहाव्यापर्यंत. ही तीस घरं आणि अठराव्याच्या डोक्यावर हेलियम. सातव्या आवर्तातली सहा मूलद्रव्यं प्रयोगशाळेत बनवलेली आणि क्षणभंगुर आहेत, त्यांना तूर्तास सोडा. आठवडाभर रोज एकदा ही चौकट न बघता भरा. नावं वरून खाली म्हणा, आडवी नको, कारण प्रश्न गणावर येतात.

भरून झाल्यावर बोरॉनपासून टेल्युरियमपर्यंत तिरकी पायऱ्यांची रेघ ओढा. बोरॉन, सिलिकॉन, जर्मेनियम, आर्सेनिक, अँटिमनी, टेल्युरियम हे धातुसदृश या रेघेच्या आसपास बसतात. रेघेच्या डावीकडे-खाली धातू, उजवीकडे-वर अधातू. धातू, अधातू आणि धातुसदृश तिन्ही एकाच घरात नांदतात असा हा एकटा खंड, म्हणून तो गुंतागुंतीचा वाटतो. रेघेवरून एक गोष्ट फुकटात कळते: ऑक्साइडचा स्वभाव. उजव्या वरच्या कोपऱ्यातल्यांचे ऑक्साइड आम्लधर्मी, डाव्या खालच्या कोपऱ्यातल्यांचे आम्लारीधर्मी, रेघेजवळचे बरेचसे उभयधर्मी. ॲल्युमिनियमचा ऑक्साइड आम्लातही विरघळतो आणि कॉस्टिक सोड्यातही, बिस्मथचा आम्लारी, नायट्रोजनचा पंचऑक्साइड कडक आम्ल. पाठ काय करायचं यात?

आणखी एक हिशोब लगेच लिहून ठेवा. गणाच्या आकड्यातून १० वजा केले की बाहेरच्या कवचातले इलेक्ट्रॉन मिळतात, आणि तीच साधारणपणे सर्वात वरची ऑक्सिडीकरण अवस्था, म्हणजे संयुगात अणूने किती इलेक्ट्रॉन दिले (+) किंवा घेतले (−) त्याचा आकडा. १८ वजा केले की अधातूची सर्वात खालची अवस्था मिळते. सल्फर सोळाव्या गणात, म्हणजे वर +६ आणि खाली −२. क्लोरीन सतराव्यात, +७ आणि −१. ऑक्सिजन आणि फ्लोरीन वरच्या टोकाला जात नाहीत. फ्लोरीन तर संयुगात कायम −१ च, कारण त्याच्यापेक्षा इलेक्ट्रॉनचा हावरा दुसरा कोणी नाहीच.

पायरी २: दुसऱ्या आवर्ताभोवती लाल चौकोन

आता बोरॉन, कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन, फ्लोरीन यांच्याभोवती लाल पेनने चौकोन काढा. प्रत्येक गणातला हा थोरला भाऊ बाकीच्या भावंडांसारखा वागत नाही, आणि परीक्षेतले निम्मे "कारणे द्या" इथूनच येतात. कारण एकच: हे अणू फार लहान आहेत. लहान असल्यामुळे यांच्याभोवती चारपेक्षा जास्त बंध मावत नाहीत, आणि शेजारी अणू अगदी जवळ येऊ शकत असल्यामुळे हे आपसात दुहेरी-तिहेरी बंध मजेत करतात.

सोड्याच्या बाटलीतला वायू आणि नदीची वाळू समोरासमोर ठेवून बघा. दोन्ही चौदाव्या गणातले डायऑक्साइड. कार्बन ऑक्सिजनशी दोन दुहेरी बंध करतो आणि सुटा, छोटा रेणू होऊन फसफसत उडून जातो. सिलिकॉन मोठा, त्याला तसा दुहेरी बंध जमत नाही, मग तो चार ऑक्सिजनना एकेरी बंधांनी धरतो, ते ऑक्सिजन पुढच्या सिलिकॉनला, तो पुढच्याला, आणि सगळं मिळून एक अवाढव्य जाळं होतं. म्हणून एक वायू आणि दुसरा १७०० अंशांच्या आसपास वितळणारा दगड.

हीच किल्ली नायट्रोजनला लावा. दोन नायट्रोजन तिहेरी बंधाने बांधले गेलेत आणि तो बंध तोडायला मोलमागे ९४१ किलोज्यूल लागतात. म्हणून हवेचा जवळजवळ चार-पंचमांश भाग असलेला हा वायू आपल्या नाकातून जातो-येतो आणि काही करत नाही. फॉस्फरसला तिहेरी बंध परवडत नाही. तो चार अणूंचा चौफलक करतो, त्यात कोन ६० अंशांचे, बंध ताणलेले, म्हणून पांढरा फॉस्फरस पाण्याखाली ठेवावा लागतो. हवेत तो ३० अंशांच्या आसपास आपोआप पेटतो. आपल्याकडच्या मे महिन्यात काय होईल ते सांगायला नको.

फॉस्फरसचं पेंटाक्लोराइड मिळतं, नायट्रोजनचं मिळत नाही. सिलिकॉन टेट्राक्लोराइड पाण्याने लगेच फुटतं, कार्बन टेट्राक्लोराइड पाण्याखाली ढिम्म बसून राहतं. पुस्तकं इथे रिकाम्या डी-कक्षकांचं, म्हणजे अणूतल्या इलेक्ट्रॉनांसाठीच्या मोकळ्या जागांचं, कारण देतात. अलीकडची गणितं डी-कक्षकांना फारसं महत्त्व देत नाहीत, अणूचा आकार हाच खरा मुद्दा मानतात. परीक्षेत पुस्तकातलं लिहा, मनात आकाराचं ठेवा.

लहान असण्याचा तोटाही आहे. दोन फ्लोरीन इतके जवळ येतात की दोघांच्या एकाकी जोड्या, म्हणजे बंधात न गुंतलेल्या इलेक्ट्रॉनांच्या जोड्या, एकमेकींना ढकलतात. त्यामुळे फ्लोरीनचा बंध मोलमागे १५९ किलोज्यूलचा आणि क्लोरीनचा २४३. त्याच दाटीमुळे बाहेरून आलेला इलेक्ट्रॉन घेताना क्लोरीनला फ्लोरीनपेक्षा जास्त ऊर्जा सोडता येते. हा प्रश्न दर दोन-तीन वर्षांनी कुठल्या ना कुठल्या परीक्षेत उगवतोच.

पायरी ३: तळमजला

थॅलियम, शिसं आणि बिस्मथ यांच्याभोवती निळा चौकोन. वर काढलेला "गण वजा १०" हा हिशोब इथे फसतो. थॅलियमला +३ पेक्षा +१ आवडतो, शिशाला +४ पेक्षा +२, बिस्मथला +५ पेक्षा +३. प्रत्येक ठिकाणी बरोबर दोनने कमी, कारण एस-कक्षकातले दोन इलेक्ट्रॉन बंध करायला बाहेर यायला तयार नसतात. याला निष्क्रिय जोडी परिणाम म्हणतात. आतले डी आणि एफ इलेक्ट्रॉन केंद्रकाची ओढ नीट झाकू शकत नाहीत, त्यामुळे ती जोडी आत घट्ट खेचली जाते. शिवाय एवढ्या मोठ्या अणूचे बंध कमकुवत, म्हणजे जोडी बाहेर काढायला लागलेली ऊर्जा बंधातून वसूल होत नाही.

याचा पुरावा तुमच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीत आहे. तिच्या धन पाटीवर शिशाचा डायऑक्साइड असतो, शिसं +४ वर. ऋण पाटीवर साधं शिसं, म्हणजे ० वर. दोघांनाही +२ व्हायचंय. एकाला त्यासाठी इलेक्ट्रॉन हवेत, दुसऱ्याला द्यायचेत, आणि ते तारेतून जाताना लोडशेडिंगमध्ये तुमचा पंखा फिरतो. कथील एक मजला वर आहे, तिथे उलट: +२ चं स्टॅनस क्लोराइड +४ व्हायला धडपडतं, म्हणून ते क्षपणक, म्हणजे समोरच्याला इलेक्ट्रॉन देणारं.

पायरी ४: जमाखर्चाची वही

ही पायरी सर्वात महत्त्वाची. इथे आठवडा गेला तरी चालेल.

नायट्रोजनसाठी एक जिना काढा. सर्वात खाली −३ वर अमोनिया. −२ वर हायड्राझिन. ० वर नायट्रोजन वायू. +१ नायट्रस ऑक्साइड, +२ नायट्रिक ऑक्साइड, +३ नायट्रस आम्ल, +४ तपकिरी नायट्रोजन डायऑक्साइड, सर्वात वर +५ वर नायट्रिक आम्ल. आता नियम असा: सर्वात वरच्या पायरीवरचा इलेक्ट्रॉन फक्त घेऊ शकतो, म्हणून तो ऑक्सिडक. सर्वात खालचा फक्त देऊ शकतो, म्हणून क्षपणक. मधले दोन्ही करतात, समोर कोण आहे त्यावर ठरतं. सल्फरचा असाच जिना काढलात तर हायड्रोजन सल्फाइड −२ वर, सल्फर डायऑक्साइड +४ वर, सल्फ्युरिक आम्ल +६ वर दिसेल. मधला सल्फर डायऑक्साइड बहुतेकांसमोर क्षपणक होतो, पण हायड्रोजन सल्फाइड समोर आला की भूमिका बदलतो आणि दोघेही ० वर, म्हणजे पिवळ्या गंधकावर येऊन थांबतात.

आता समीकरणं न पाठ करता कशी येतात ते बघू. तांबं आणि संहत नायट्रिक आम्ल. तपकिरी वायू निघतो, म्हणजे नायट्रोजन +५ वरून +४ वर आला, एक इलेक्ट्रॉन घेतला. तांब्याने दोन दिले. हिशोब जुळायला एका तांब्यामागे दोन नायट्रोजन. शिवाय तांब्याला नायट्रेट क्षार व्हायला आणखी दोन नायट्रेट लागतात, ते अवस्था न बदलता तसेच येतात. म्हणजे एकूण चार रेणू आम्ल. झालं समीकरण: एक तांबं, चार आम्ल, दोन नायट्रोजन डायऑक्साइड, दोन पाणी.

विरल आम्ल घेतलं तर नायट्रिक ऑक्साइड येतो, +५ वरून +२, तीन इलेक्ट्रॉन. तांब्याचे दोन. लसावि ६. तीन तांबं, दोन नायट्रोजन, क्षारासाठी सहा नायट्रेट, एकूण आठ रेणू आम्ल. पाठ करणाऱ्या मुलांचा ३, ८, ३, २, ४ हा आकड्यांचा मंत्र परीक्षेत हमखास चुकतो. जमाखर्चवाल्यांचा चुकत नाही. आणि संहत आम्लात तपकिरी वायू का? तिथे नायट्रिक ऑक्साइड तयार झाला तरी आजूबाजूचं भरपूर आम्ल त्याला पुन्हा +४ वर ढकलतं.

आता तिसरा प्रकार, ज्यात एकच मूलद्रव्य देतंही आणि घेतंही. थंड, विरल कॉस्टिक सोड्यात क्लोरीन सोडला तर काही क्लोरीन −१ वर उतरतो, काही +१ वर चढतो. चढण-उतरण सारखी, म्हणून एकास एक: मीठ आणि सोडियम हायपोक्लोराइट. सोडा गरम आणि संहत असेल तर चढणारा थेट +५ वर जातो. एक जण पाच पायऱ्या चढला तर पाच जणांना एकेक पायरी उतरावी लागते: पाच मीठ, एक क्लोरेट. पांढरा फॉस्फरस आणि कॉस्टिक सोडा हेच करतात. एक −३ वर जाऊन फॉस्फीन होतो, तीन +१ वर जाऊन हायपोफॉस्फाइट. तीन पायऱ्यांची उतरण, एकेक पायरीची तीन जणांची चढण. तीन वेगळी समीकरणं वाटतात ना? हिशोब एकच.

याचीच उलटी क्रिया घरात होऊ शकते, म्हणून इथे जरा गंभीर होतो. ब्लीचिंग पावडरमध्ये +१ चा क्लोरीन असतो, संडास धुण्याच्या आम्लात −१ चा. "दोन्ही एकत्र टाकलं की जास्त स्वच्छ" असं समजून कुणी मिसळलं तर दोघे मध्ये ० वर भेटतात, म्हणजे क्लोरीन वायू. बंद मोरीत तो फुप्फुसं जाळतो. पी-खंडातलं बाकी सगळं विसरलात तरी हे घरच्यांना सांगा.

पायरी ५: प्रत्येक गणाला एक ओळखीची वस्तू

एका बैठकीत एकच गण घ्या, आणि सुरुवात पुस्तकाने नको, वस्तूने करा.

तेराव्या गणासाठी कॅरम. बोर्डावर टाकायची बोरिक पावडर म्हणजे बोरिक आम्ल. त्याचे चपटे रेणू हायड्रोजन बंधांनी एकमेकांना धरून पत्रे बनवतात, आणि पत्र्या-पत्र्यांमधली ओढ अगदी सैल. पत्रे घसरतात, सोंगट्या पळतात. आता परीक्षेतला प्रश्न: यात तीन हायड्रोजन असून हे एकच प्रोटॉनचं आम्ल कसं? कारण ते स्वतःचा प्रोटॉन देतच नाही. बोरॉनकडे बाहेर सहाच इलेक्ट्रॉन, आठाला दोन कमी. म्हणून ते पाण्याच्या रेणूतला हायड्रॉक्साइड उचलतं आणि पाण्याचा उरलेला प्रोटॉन सुटतो. बोरॉनची ही भूक लक्षात ठेवली की बोरॉन ट्रायफ्लोराइड अमोनियाला का चिकटतं तेही कळतं. मात्र या हॅलाइडांमध्ये सर्वात भुकेलं ट्रायफ्लोराइड नाही. फ्लोरीन लहान असल्यामुळे स्वतःची एकाकी जोडी बोरॉनला उसनी देऊ शकतो आणि त्याची भूक थोडी भागवतो. म्हणून क्रम उलटा: ब्रोमाइड सर्वात कडक, मग क्लोराइड, मग फ्लोराइड. याच गणातली तुरटी पावसाळ्यात गढूळ पाण्यातून फिरवली की ॲल्युमिनियमचे तिहेरी धनभार मातीच्या ऋणभारित कणांना एकत्र ओढून तळाशी बसवतात. जांभ्याच्या मुलखात, कोल्हापूर-रत्नागिरीकडे, त्याच ॲल्युमिनियमचं खनिज बॉक्साइट सापडतं. आणि गॅलियम २९.८ अंशांना वितळतं, तळहातावर घेतलं की पाणी-पाणी.

चौदाव्याचं बरंच काम वाळू, सोडा आणि बॅटरीने झालंय. शृंखला करण्याची हौस कार्बनला का, ते बंधऊर्जेच्या आकड्यांवरून बघा: कार्बन-कार्बन ३४८, सिलिकॉन-सिलिकॉन २९७, कथील-कथील २४० किलोज्यूल. खाली जावं तशी साखळी तुटते.

पंधराव्यासाठी काडेपेटी. काडीच्या डोक्यात पोटॅशियम क्लोरेट असतं, पेटीच्या तपकिरी पट्टीवर तांबडा फॉस्फरस आणि काचेची पूड. घासताना उष्णतेने थोडासा फॉस्फरस पेटतो आणि क्लोरेटमधला ऑक्सिजन मिळून भडका होतो. देणारा पट्टीवर, घेणारा काडीवर, म्हणून काडी भलतीकडे घासून पेटत नाही. या गणातला रुक्ष वाटणारा पण गुण मिळवून देणारा भाग म्हणजे फॉस्फरसची तीन आम्लं. हायपोफॉस्फरस, फॉस्फरस आणि फॉस्फोरिक. तिन्हींत हायड्रोजन तीन-तीन, पण आम्ल म्हणून ती अनुक्रमे एक, दोन आणि तीन प्रोटॉन देतात. रचना काढून बघा. ऑक्सिजनला टांगलेला हायड्रोजनच सुटतो, थेट फॉस्फरसला टांगलेला सुटत नाही. हायपोफॉस्फरसमध्ये थेट टांगलेले दोन, फॉस्फरसमध्ये एक, फॉस्फोरिकमध्ये शून्य. आणि क्षपणाची ताकद याच थेट टांगलेल्या हायड्रोजनांत असते, म्हणून हायपोफॉस्फरस आम्ल सिल्व्हर नायट्रेटमधून चांदी पाडतं आणि फॉस्फोरिक काहीच करत नाही. एका चित्रावर तीन प्रश्नांची उत्तरं. अमोनियाच्या हाबर पद्धतीत साधारण ४५० अंश, २०० वातावरण दाब आणि लोखंडाचा उत्प्रेरक एवढं पुरे. चेंबूरच्या किंवा अलिबागजवळच्या थळच्या आरसीएफ खत कारखान्याची सहल मिळाली तर मात्र सोडू नका.

सोळाव्यासाठी गूळ. गुऱ्हाळात रंग उजळायला हायड्रॉस पावडर घालतात. ती सल्फरची क्षपणक संयुगं. साखर कारखान्यात गंधक जाळून सल्फर डायऑक्साइड उसाच्या रसात सोडतात, तेही त्याच घराण्यातलं. क्षपणाने घालवलेला रंग हवेतल्या ऑक्सिजनने परत येऊ शकतो, म्हणून पांढरट गूळ काही दिवसांनी काळवंडतो. क्लोरीन ऑक्सिडीकरणाने रंग घालवतो, तो परत येत नाही. "तात्पुरतं आणि कायमचं विरंजन" यावरच्या प्रश्नाला आणखी काही लागत नाही. सल्फ्युरिक आम्ल बनवायच्या संपर्क पद्धतीत लक्षात ठेवण्याजोगी मेख एकच: सल्फर ट्रायऑक्साइड थेट पाण्यात सोडत नाहीत, कारण आम्लाचं दाट धुकं होतं आणि ते आवरत नाही. ९८ टक्के सल्फ्युरिक आम्लात शोषून ओलियम करतात, मग त्यात हिशोबाने पाणी.

सतराव्यासाठी आयोडीनयुक्त मीठ. त्यात आयोडाइड नव्हे, पोटॅशियम आयोडेट घालतात. का? जिना बघा. आयोडाइड −१ वर, तळाशी, इलेक्ट्रॉन द्यायला टपलेला. दमट हवेत त्याचा आयोडीन होऊन उडून जातो. आयोडेटमधला आयोडीन +५ वर, तो हवेला भीत नाही.

पायरी ६: हायड्राइडांचे सापळे

हायड्राइड म्हणजे मूलद्रव्याचं हायड्रोजनशी झालेलं संयुग. वर्गात मी एकदा ठासून सांगितलं, की अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन फ्लोराइड आपापल्या गणात सर्वात जास्त तापमानाला उकळतात, कारण हायड्रोजन बंध. मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "सर, स्टिबीन?" स्टिबीन म्हणजे अँटिमनीचं हायड्राइड. घरी जाऊन आकडे पाहिले. अमोनिया −३३ अंशांना उकळतो, स्टिबीन −१७ ला. तिचंच बरोबर होतं. अमोनियाच्या नायट्रोजनकडे एकाकी जोडी एकच, हायड्रोजन बंध तुलनेने कमजोर, आणि अँटिमनीचा रेणू इतका जड की त्याचं साधं आकर्षणच त्याला मागे टाकतं. पाणी आणि हायड्रोजन फ्लोराइड मात्र आपापल्या गणात खरंच सर्वात वर. त्या दिवसापासून मी हे तीन क्रम शेजारी-शेजारी लिहायला लावतो.

बाकी प्रत्येक गणात वरून खाली जाताना काय होतं ते एका दमात: हायड्रोजनशी बंध कमकुवत होत जातो, म्हणून आम्लता वाढते, क्षपणाची ताकद वाढते, उष्णतेला टिकाव कमी होतो. हायड्रोजन फ्लोराइड काच खातं तरी पाण्यात ते दुबळं आम्ल, आणि हायड्रोजन आयोडाइड सर्वात कडक. तेही याच कारणाने. पंधराव्यात बंधकोन अमोनियाच्या १०७ पासून फॉस्फीनला एकदम ९४ च्या खाली येतो आणि मग फारसा हलत नाही.

पायरी ७: अठरावा गण आणि वहीची परीक्षा

राजवायू लोक घाईत उरकतात. त्यांची सुरुवात तर आपल्या देशातून झालीय. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन यांनी गुंटूरहून सूर्याच्या ज्वालांचा वर्णपट पाहिला, आणि ऑक्टोबरात इंग्लंडमध्ये खगोलशास्त्रज्ञ लॉकयर यांना त्यातली पिवळी रेघ कुठल्याच ज्ञात मूलद्रव्याशी जुळेना. त्या मूलद्रव्याला नाव मिळालं हेलियम. विजयदुर्गावर गेलात तर त्याच ग्रहणाशी नातं सांगणारे "साहेबाचे ओटे" दाखवतात.

रसायनाच्या दृष्टीने खरी गोष्ट १९६२ ची. रसायनशास्त्रज्ञ नील बार्टलेट यांनी प्लॅटिनम हेक्झाफ्लोराइडने ऑक्सिजनच्या रेणूतूनही इलेक्ट्रॉन काढून दाखवला होता. ऑक्सिजन रेणूची आयनन ऊर्जा, म्हणजे एक इलेक्ट्रॉन काढायला लागणारी ऊर्जा, मोलमागे ११७५ किलोज्यूल, झेनॉनची ११७०. मग झेनॉनमधून का निघू नये? निघाला, आणि "निष्क्रिय वायू" हे नाव जुनं झालं. दोन आकडे शेजारी ठेवून बघण्याची ही सवय तुम्हीही लावून घ्या.

चौथ्या पायरीची वही उघडा आणि झेनॉनच्या दोन क्रिया लिहा. झेनॉन डायफ्लोराइड पाण्यात टाकलं तर झेनॉन, हायड्रोजन फ्लोराइड आणि ऑक्सिजन वायू मिळतात. झेनॉन हेक्झाफ्लोराइडचं पाण्याने पूर्ण विघटन झालं तर झेनॉन ट्रायऑक्साइड आणि हायड्रोजन फ्लोराइड. दुसऱ्या क्रियेत झेनॉन आधीही +६ वर आणि नंतरही +६ वर, म्हणजे तिथे इलेक्ट्रॉनची देवघेव नाही, नुसती जोडीदारांची अदलाबदल. पहिल्या क्रियेत झेनॉन +२ वरून ० वर आला. म्हणजे त्याला कुणीतरी दोन इलेक्ट्रॉन दिले. कुणी दिले आणि किती पायऱ्या चढून, ते पुस्तक न उघडता वहीत लिहा, आणि त्यावरून समीकरण तोला.